फिनलेसाहेबाचा किल्ला

शनिवार : ग्लासगो आणि पेझली

ग्लासगोच्या मध्यवस्तीत आधुनिक कलेचं संग्रहालय आहे आणि त्याच्या दारात घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या डोक्यावर रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला नारंगी प्लॅस्टिकचा कोन. पालिकेने काढायचा, रात्री कोणीतरी चढून पुन्हा बसवायचा, असं कित्येक वर्षं चालू आहे म्हणे. १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच, त्यामुळे नवऱ्याने त्या टोपीसकट त्याचे फोटो जरा जास्तच आनंदाने काढले.

मला मात्र मागची इमारत बघायची होती. १७७८ सालचा हा तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वाडा. नंतर डेव्हिड हॅमिल्टन या वास्तुविशारदाने पुढे भले थोरले खांब उभे करून त्याचं रॉयल एक्स्चेंज, म्हणजे व्यापाऱ्यांचा सौदेबाजार, करून दिलं. याच हॅमिल्टनने १८२० मध्ये किर्कमन फिनले नावाच्या सुताच्या व्यापाऱ्यासाठी क्लाइड नदीच्या खाडीवर एक किल्ला बांधला, कॅसल टोवर्ड. आमची सहल त्या किल्ल्यासाठी होती. लालबागची फिनले मिल ज्यांना आठवते त्यांना कारण सांगायला नको. माझे वडील तिथे साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. लहानपणी फिनले म्हणजे भोंगा आणि पाळी, त्या नावाचा कुणी माणूस असेल असा विचार कोण कशाला करेल?

जेम्स फिनले आणि कंपनी ही ग्लासगोची पेढी, किर्कमन त्या जेम्सचा मुलगा. त्याच्याकडे स्कॉटलंडात नद्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या तीन सूतगिरण्या होत्या. कापूस यायचा तो अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांतून. नेपोलियनने युरोपची बंदरं ब्रिटिश मालाला बंद केली तेव्हा या गृहस्थाने उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावरून चोरवाटेने माल आत घुसवला. मग ईस्ट इंडिया कंपनीच्या मागे लागला. हिंदुस्थानच्या व्यापारातली तिची मक्तेदारी मोडायची चळवळ ज्यांनी चालवली त्यांत हा पुढे होता. १८१३ मध्ये ती मोडली आणि १८१६ मध्ये त्याचं सहाशे टनी ‘अर्ल ऑफ बकिंगहॅमशायर’ जहाज क्लाइडवरून थेट मुंबईला निघालं. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव अजून गादीवर होता. त्या जहाजामागून विलायती कापड आणि सूत येतच राहिलं, आपल्या साळी-कोष्ट्यांचं काय झालं ते आपण शाळेत वाचलंय. पुढच्या शतकात फिनले, स्वान आणि गोल्ड मोहर या मुंबईतल्या तीन गिरण्या याच पेढीच्या ताब्यात होत्या.

दुपारी लोकलने पेझलीला. ग्लासगो सेंट्रलवरून दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. आंब्याच्या कोयरीला सगळं जग ज्या गावाच्या नावाने ओळखतं ते हे गाव. काश्मिरी शालींची नक्कल इथल्या मागांवर व्हायची. आम्ही अँकर मिल बघायला उतरलो होतो. भरतकाम करणाऱ्या प्रत्येक घरात अँकरच्या दोऱ्यांच्या लडी असतात, आईच्या पत्र्याच्या डब्यात तर रंगवार लावून ठेवलेल्या असत. त्या नावाची गिरणी इथे, व्हाइट कार्ट नदीच्या धबधब्याला खेटून. आता तिथे राहते फ्लॅट आहेत. लाल-तांबड्या विटांची ती उंच इमारत झकास राखली आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आठवून नवरा काहीतरी पुटपुटला, ते इथे लिहीत नाही.

आणि मग ढोल वाजायला लागला.

वळणावरून मिरवणूकच आली. पुढे एक मोठा ढोल, मागे निशाणं, कामगार संघटनांची माणसं, जुन्या वेशातल्या बायका, पोरंटोरं. जुलैचा पहिला शनिवार हा पेझलीत ‘स्मा शॉट’ दिवस असतो हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी मला समजावलं. शालीची रंगीत नक्षी एकत्र धरून ठेवायला एक बारीक आडवा धागा घालावा लागे, तोच ‘स्मा शॉट’. तो दिसत नसे, म्हणून व्यापारी त्याचे पैसे देत नसत. विणकर म्हणत, तो घातला नाही तर शाल उसवेल. वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि १८५६ मध्ये विणकर जिंकले. चार्ल्सटन वस्तीतला ढोल वाजवून तेव्हा माणसं गोळा करायचे, आजही मिरवणुकीपुढे चार्ल्सटनचाच ढोल असतो. शेवटी ‘कॉर्क’ म्हणजे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याचा पुतळा जाळतात. “तुमचा काय संबंध?” आजोबांनी विचारलं. वडील मुंबईत गिरणीत विणकर होते म्हटल्यावर त्यांनी हात मिळवला तो बराच वेळ सोडलाच नाही.

ज्यांना जमेल त्यांनी तारीख जुळवून जावं. स्मा शॉट कॉटेजेस हे विणकरांच्या जुन्या घरांचं छोटं संग्रहालयही तिथेच आहे, पण उघडं असण्याचे दिवस मोजके, आधी बघून घ्या.

रविवार : डनून

ग्लासगोहून गुरॉकची गाडी थेट धक्क्यापर्यंत जाते. उतरलं की समोर बोट, आणि पंचवीसेक मिनिटांत पलीकडे डनून. मोटार घेऊन जाणाऱ्यांची फेरी वेगळी, ती थोडी पुढे मॅकिनरॉयज पॉइंटवरून सुटते. वारा असला की पायी प्रवाशांची छोटी बोट रद्द होऊ शकते, तेव्हा परतीच्या दिवशी विमान पकडायचं असेल तर एक रात्र हाताशी ठेवा.

क्लाइडवर १८१२ साली ‘कॉमेट’ ही आगबोट सुरू झाली आणि ग्लासगोच्या शेठ लोकांना इकडच्या किनाऱ्यावर बंगले बांधणं परवडायला लागलं. मग त्यांच्या मागून कारकून आले, मग गिरणी आणि गोदीतले कामगार जुलैच्या सुट्टीत बायकापोरांना घेऊन. डनूनचा लाकडी धक्का त्या दिवसांचा. आता गाव शांत आहे. टेकडीखाली कवी रॉबर्ट बर्न्सच्या प्रेयसीचा, ‘हायलंड मेरी’चा, पुतळा खाडीकडे बघत उभा आहे, १८९६ चा.

खरी थांबण्याची जागा मात्र तिथून जवळच, रस्त्याकडेला, एक दगडी क्रूस. किल्ल्याची गोष्ट इथून सुरू होते. फिनलेच्या शतकानुशतकं आधी टोवर्डला लॅमंट घराण्याची गढी होती. स्कॉट्सची राणी मेरी १५६३ मध्ये तिथे पाहुणी येऊन गेली. १६४६ च्या यादवीत शेजारच्या कॅम्बेलांनी गढीला वेढा घातला. जीव आणि मालमत्ता सुखरूप राहील असा लेखी करार झाला, लॅमंटांनी हत्यारं ठेवली. कॅम्बेलांनी त्यांना बांधून डनूनला आणलं आणि मारलं. छत्तीस जणांना एका झाडाला लटकवलं, मेलेले सगळे मिळून दोनशेच्या वर. गढी जाळली, ती पुन्हा कधी नांदती झाली नाही. हा क्रूस लॅमंटांच्या वंशजांनी १९०६ मध्ये उभारला.

उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, ग्लासगोत वाढलेल्या. कुठे जाणार म्हणून विचारलं आणि टोवर्डचं नाव ऐकताच हातातली किटली खाली ठेवली. “मी अकरा वर्षांची असताना शाळेतून तिथे आठवडाभर राहिले होते!”

पुढचा तासभर त्याच बोलल्या. त्यांची दोन खोल्यांची चाळ, संडास जिन्यावर सामाईक. (ग्लासगोतही होती तशी घरं, मी चकितच झाले.) आणि अचानक बुरुजांच्या घरात झोपायचं! दहा-बारा मुली एका खोलीत, छताला नक्षीकाम. पहिल्या रात्री कोणालाच झोप नाही, कारण इतका अंधार आणि इतकी शांतता कोणी पाहिलेलीच नव्हती. दिवसा होडी वल्हवायची, दोरावरून उतरायचं, नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात सोडून द्यायचे. रात्री बॅटरी न लावता झाडीतून चालायचं. “एक मुलगी रडत होती. तिला म्हटलं, माझा हात धर. माझे पाय तिच्यापेक्षा जास्त लटपटत होते.” घरी जाताना आईसाठी त्यांनी शंख नेले होते, ते वासामुळे आईने दुसऱ्या दिवशी फेकून दिले.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना इथेच. स्कॉटलंडात मसूरडाळीचं सूप सगळीकडे मिळतं, दिसतं आपल्या आमटीसारखं, पण पुष्कळदा ते डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. विचारून घ्या. बाईंनी आमच्यासाठी वेगळं केलं होतं, त्याबरोबर बटाट्याचे पातळ तव्यावरचे स्कोन. त्यावर आमची लसणाची चटणी पडल्यावर त्यांनीही दोन जास्त खाल्ले.

सोमवार : टोवर्ड

सकाळी भुरभुर पाऊस. डनूनहून बस किनाऱ्याकिनाऱ्याने इनेलन गाव मागे टाकत जाते. डावीकडे पाणी, उजवीकडे बंगले, हायड्रेंजियाचे निळे गड्डे. बसच्या फेऱ्या कमी आहेत, परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा, कारण तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. टोवर्ड पॉइंटला पांढरंशुभ्र दीपगृह लागतं, १८१२ चं, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं. तिथून पुढे आम्ही पायी.

आधी लॅमंटांची पडकी गढी. झाडीत एक बुरुज, एक कमान, भिंतींतून उगवलेली झुडपं. आणि मग झाडांच्या वर फिनलेचा किल्ला दिसतो. राजगड-रायगड डोळ्यांसमोर असलेल्या माणसाची इथे निराशाच होणार. गोल मनोरे, तटाला दातेरी कंगोरे, सगळं आहे, पण मोठमोठ्या खिडक्या समुद्राकडे उघडणाऱ्या. शत्रू येण्याची शक्यता असलेला माणूस अशा खिडक्या ठेवत नाही. हा श्रीमंताचा हौसेचा वाडा. खाली पाणी, पलीकडे ब्यूट बेट आणि रॉथसे गाव, आणि ढग हलले तेव्हा मागे आरनचे डोंगर.

अर्थात फिनलेला शत्रू नव्हते असंही नाही. तो ग्लासगोचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर, झाला, मग खासदार. धान्याच्या आयातीवर बंधनं घालणाऱ्या १८१५ च्या कायद्याच्या बाजूने गेला म्हणून जमावाने त्याच्या शहरातल्या घराच्या काचा फोडल्या. मग विणकरांच्या गुप्त सभांत काय चाललंय हे कळावं म्हणून त्याने सरकारसाठी हेर पोसले. एप्रिल १८२० मध्ये ग्लासगो-पेझलीच्या परिसरात हजारो विणकर आणि गिरणी कामगारांनी काम बंद केलं, काहींनी भाले उचलले. बंड आठवड्यात मोडलं. जेम्स विल्सन या म्हाताऱ्या विणकराला ग्लासगोत, बेअर्ड आणि हार्डी या दोघांना स्टर्लिंगला फाशी झाली. आणि त्याच वर्षी हा किल्ला उभा राहिला. दगडी बाकावर मेथीचे ठेपले खात लेक हे मोबाइलवरून वाचून दाखवत होती, आणि शनिवारचा तो ढोल मला पुन्हा वेगळा ऐकू यायला लागला.

फिनलेने इथे डोंगरउतारावर अफाट झाडं लावली, ती मात्र मनापासून. त्या लागवडीवर त्याने लेखही लिहिला होता. १८४२ मध्ये तो वारला. वाडा बांधल्याला शतक झालं तेव्हा, १९२० मध्ये, तो घेतला अँड्र्यू कोट्सने. हे पेझलीचे कोट्स, शिवणाच्या दोऱ्याचे. अँकरवाल्या क्लार्क घराण्याशी यांची पेढी १८९६ मध्ये एक झाली होती, आणि आपल्याकडची मदुरा कोट्स त्यांचीच पुढची शाखा. म्हणजे वडिलांच्या साच्यावरचं नाव आणि आईच्या डब्यातलं नाव, दोन्ही या एका दारात. कोट्सने वाडा वाढवला, बागा नव्याने केल्या. दोन्ही वेळा पैसा सुताचाच.

मग दुसरं महायुद्ध. नौदलाने वाडा ताब्यात घेऊन १९४२ मध्ये त्याचं नाव ठेवलं ‘एचएमएस ब्रॉन्टोसॉरस’. ब्रिटिश नौदल जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखं नाव देतं, पण डायनासोर का, हे ठरवणारालाच ठाऊक. सपाट बुडाच्या होड्यांतून किनाऱ्यावर सैन्य कसं उतरवायचं याचा सराव इथे चाले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कितीतरी जणांचे पाय आधी या गोट्यांच्या किनाऱ्यावर भिजले असतील. समोरच्या ब्यूट बेटावर त्याच सुमाराला चिमुकल्या पाणबुड्यांचं प्रशिक्षण चालू होतं.

युद्धानंतर ग्लासगो कॉर्पोरेशनने वाडा घेतला आणि तो मुलांना दिला. शहरातल्या कोंदट वस्त्यांतल्या अशक्त, आजारातून उठलेल्या मुलांसाठी आधी निवासी शाळा, पुढे साहसी खेळ आणि निसर्गशिक्षणाचं निवासी केंद्र. शाळांच्या वाद्यवृंदांची शिबिरंही इथे भरत. बीबीसीच्या ‘रेव्हन’ या मुलांच्या मालिकेची सुरुवातीची चित्रणं याच रानातली, ती बघून वाढलेली लेकीची एक मैत्रीण आम्ही तिथे जातोय म्हटल्यावर फोनवर किंचाळली होती. १९९६ मध्ये स्थानिक कारभाराची फेररचना झाली, वाडा आर्गाइल आणि ब्यूट काउन्सिलकडे आला, केंद्र एक न्यास चालवू लागला. २००९ मध्ये ते बंद पडलं. गावकऱ्यांनी जागा विकत घेऊन पुन्हा चालवायचं ठरवलं. सरकारी मूल्यांकन साडेसतरा लाख पौंड, त्यांच्याकडून देकार साडेआठ लाखांचा. मोर्चे निघाले, सभा झाल्या, काउन्सिलने नाही म्हटलं. २०१६ मध्ये वाडा खासगी मालकांना विकला गेला.

काउन्सिलचीही बाजू असेल. करदात्यांची मालमत्ता निम्म्या भावात द्यायची कशी, हा प्रश्न आपल्याकडच्या गिरण्यांच्या जमिनींनंतर मला तरी हास्यास्पद वाटत नाही. आणि नव्या मालकांनी डागडुजी केली नसती तर छपरं खाली आली असती, असं बसथांब्यावर भेटलेले एक गृहस्थ म्हणाले. तरी माझं मत विचाराल तर जवळपास साठ वर्षं इथे चाळीतल्या मुली झोपल्या, हेच या वाड्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. फिनले इथे पंचवीस वर्षंही राहिला नाही. कोट्सही युद्धापर्यंतच.

आत जाता येत नाही. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने रानातून, माळावरून कोणालाही जबाबदारीने फिरता येतं, पण घराचं अंगण आणि बाग त्यातून वगळलेली आहे. आम्ही लांबूनच पाहिलं, तुम्हीही तसंच करा. पाऊस थांबून वारा पडला की मिज नावाची चिलटं येतात. दिसत नाहीत, चावतात मात्र कडकडून. डोक्यावरून ओढायची जाळी डनूनच्या दुकानात स्वस्तात मिळते. ती घालून फिरायला लाजू नका, सगळेच घालतात. उंच गवतातून गेलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड बघून घ्या.

मंगळवार : बेनमोर

परतायच्या आधी एक दिवस मालकीणबाईंच्या आग्रहाने. डनूनहून बसने उत्तरेला होली लॉख या खाडीच्या कडेने. १९६१ पासून १९९२ पर्यंत इथे अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचा तळ होता, आता पाण्यात शिडाच्या होड्या. पुढे बेनमोरचं वनस्पती उद्यान. आत शिरताच १८६३ मध्ये लावलेल्या सिकोया वृक्षांची दुतर्फा रांग, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. साल इतकी मऊ की मूठ मारली तरी लागत नाही. रोडोडेंड्रॉन मात्र मे महिन्यात बघायचे, जुलैत नुसती पानं.

उद्यानाच्या मधोमध बेनमोर हाउस, तोही बुरूजवाला वाडा. एकेकाळी जेम्स डंकन हा ग्रीनॉकचा साखरवाला इथे राहायचा. त्याने लाखो झाडं लावली, रन्वार या फ्रेंच चित्रकाराचं चित्र विकत घेतलं आणि पुढे त्याची साखर बुडाली. नंतर आलेल्या यंगर या दारूवाल्या घराण्याने इस्टेट १९२५ मध्ये देशाला देऊन टाकली. वाड्यात आज एडिंबरा महापालिकेचं मैदानी शिक्षणाचं निवासी केंद्र आहे, आणि ते चालू आहे! बाईंनी आम्हाला इथे का पाठवलं ते दारातच कळलं. वाळत घातलेले पोहण्याचे जाड काळे पोशाख, रबरी बुटांचे ढीग, आणि शाळांना सुट्टी असूनही मुलांचा एक गट ओढ्यातून भिजून परत येत होता, नखशिखान्त चिखलात आणि सगळे एकाच वेळी बोलत.

वाटेत दोन मुलांना एक होडी जड जात होती. त्यांच्या शिक्षकाने आमच्याकडे पाहिलं, नवऱ्याने चष्मा माझ्याकडे दिला आणि मागचं टोक उचललं. शेडपर्यंत जाईस्तोवर त्याला होडीच्या भागांची नावं, आदल्या रात्री कोणाला घरची आठवण आली होती ते आणि जेवणात काय होतं ते सगळं कळलं होतं.

इथून पुढे पक्स ग्लेन ही ओढ्याकाठची अरुंद घळ पायी जाण्यासारखी आहे, शेवाळाने हिरवीगार, तासाभराची. पकड असलेले बूट हवेतच. आणि सोबत कोरडी विजार ठेवा. परतीच्या बसमध्ये चढताना चालकाने नवऱ्याच्या पँटकडे एकदा पाहिलं, पुढच्या जागेवरचा कालचा पेपर उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “सीटवर पसरा, मग बसा. तिकीट नंतर.”